उणे फ्रिक्वेन्सी म्हणजे नक्की काय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी रडारचा डेटा साठवताना मी दोन चॅनेलपैकी एकच ठेवला. म्हटलं, सिग्नल तर खराखुरा असतो, कॉम्प्लेक्स नंबर ही नुसती गणिताची सोय. निम्मी जागा वाचेल. आठवडाभराची मोजमापं वाया गेली. का, ते सांगते.

२४ गिगाहर्ट्‌झच्या रडारची तरंगलांबी साधारण १२.५ मिलिमीटर. समोरून कुणी सेकंदाला १.५ मीटर वेगाने चालत आलं, तर परतणाऱ्या लहरीची फ्रिक्वेन्सी २४० हर्ट्‌झने वाढते (वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी, करून बघा). तोच माणूस पाठ फिरवून गेला तर तेवढीच घटते. पाठवलेली फ्रिक्वेन्सी वजा केली की उरतात +२४० आणि −२४०.

माझ्याकडे होता फक्त कोसाइनचा चॅनेल. आणि कोसाइनला कोन अधिक की उणे, याने काहीच फरक पडत नाही! येणारा आणि जाणारा, दोघांचे आलेख डिट्टो. सुरुवातीचा फेज माहीत नसतो, त्यामुळे तोही मदतीला येत नाही.

दुसऱ्या चॅनेलमध्ये संदर्भलहर ९० अंशांनी सरकवून वापरलेली असते. तिथे साइन मिळतो, आणि त्याचं चिन्ह दिशेप्रमाणे बदलतं. आता पहिला आकडा आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर मांडा. दोन्ही मिळून एक बिंदू, म्हणजेच एक कॉम्प्लेक्स नंबर. हा बिंदू सेकंदाला २४० फेऱ्या मारतो: माणूस येत असेल तर घड्याळाच्या उलट, जात असेल तर घड्याळाप्रमाणे. 'उणे' म्हणजे एवढंच, फिरण्याची दिशा. शाळेत ज्याला 'काल्पनिक' भाग म्हणतात (नावच चुकलंय, माझ्या मते), तो इथे दुसऱ्या तारेतून आलेला व्होल्टेज आहे.

मग साध्या आवाजाच्या एफएफटीत शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच शिखरं का दिसतात? कारण एकटा कोसाइन म्हणजे उलटसुलट फिरणाऱ्या दोन बिंदूंची बेरीज, प्रत्येकी निम्म्या उंचीची. उभे भाग एकमेकांना खोडतात. तिथे डावी बाजू झाकली तरी काही हरवत नाही. दोन चॅनेलच्या डेटात मात्र ती झाकायची नाही.

पुढच्या खेपेला मी स्वतःच रडारसमोर चालले. येताना शिखर उजवीकडे. वळले, तसं ते शून्य ओलांडून डावीकडे गेलं.