शरणपूरचे आफ्रिकी नाशिककर

नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांच्या पायाखालचा आहे. दवाखाने, दुकाने, शिकवण्या, बँका अशी सतत वाहती वर्दळ. त्याच रस्त्याला सेंट अँड्र्यूज चर्च आहे आणि जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या खुणाही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच वस्तीत पूर्व आफ्रिकेतून आलेली मुले-मुली राहत होती. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, भाता ओढायला आणि रंधा मारायला शिकली, मोठी झाली. त्यांतल्या काहींची लग्ने झाली, संसार उभे राहिले. पुढे त्यांच्यातलेच काही जण आफ्रिकेच्या शोधमोहिमांच्या इतिहासात ‘नासिक बॉइज’ म्हणून नोंदले गेले आणि केनियाच्या इतिहासात ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून. नाशिकच्या इतिहासात मात्र त्यांना अजून नीट जागा मिळालेली नाही.

आज नाशिकच्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशात असते. तिथे भाषा कशी निभावते, पगार पुरतो का, तिथली माणसे आपले मानतात का, परत यायचे की तिथेच मुळे धरायची, हे प्रश्न घरोघरी बोलले जातात. शरणपूरच्या आफ्रिकी मुलांसमोरही हेच प्रश्न होते. फरक एवढाच की ती स्वखुशीने आलेली नव्हती. त्यांच्यासाठी नाशिक हाच परमुलूख होता.

नाशिकपर्यंतची वाट

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात होता. न्यासा सरोवराच्या आसपासच्या याओ, मकुआ आणि इतर समाजांतली माणसे पकडून किल्वा बंदरात आणली जात. तिथून झांझिबार आणि पुढे ओमान, इराणचे आखात असा त्यांचा प्रवास होई. इथिओपियाच्या बाजूने ओरोमो समाजातली मुलेही याच जाळ्यात सापडत. ब्रिटिश आरमाराची गस्ती जहाजे अरबी समुद्रात अशी गलबते अडवत आणि सुटका झालेल्यांना बऱ्याचदा मुंबईत उतरवत. या मुलांचे आईवडील कुठे हे कुणाला ठाऊक नसे, त्यांचे गाव कुठल्या नकाशावर नसे. मुंबईचे पोलीस काहींना घरांत कामाला ठेवत, काहींना मिशनऱ्यांच्या हवाली करत.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ पासून चालू होते. विल्यम सॉल्टर प्राईस या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेला शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभारली. धर्मांतरानंतर घरदार तुटलेल्यांना आणि अनाथांना तिथे आसरा मिळावा, हाताला काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. मुंबईत सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांचे काम कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हे जर्मन मिशनरी पाहत. ते आधी इथिओपियात राहिले होते आणि अम्हारिक भाषेचे व्याकरण व कोश त्यांनी तयार केला होता. १८६० च्या सुमारास ही मुले शरणपूरला आणली गेली आणि गोदाकाठच्या तीर्थक्षेत्रालगत आफ्रिकी मुलांचे वसतिगृह सुरू झाले.

नाव, भाषा, हुन्नर

शरणपूरला आलेल्या मुलाचे पहिले नाव बाप्तिस्म्यात पुसले जाई आणि नवे इंग्रजी नाव मिळे. सायमन प्राईस, रिचर्ड इझेनबर्ग, कॅरस फरार या नावांकडे पाहा. प्राईस आणि इझेनबर्ग हे या मुलांना सांभाळणारे मिशनरी, तर फरार हे नाशिकच्या मिशनमधल्या त्याआधीच्या मिशनऱ्याचे नाव. मुलांना आडनावे दिली ती पालकांची. एका मुलाचे मात्र नॅथॅनिएल कुंबा असे आफ्रिकी वळणाचे आडनाव टिकले. मुक्काम बदलला तरी माणसाचे नाव सहसा त्याच्याबरोबर जाते. या मुलांच्या वाट्याला तेही आले नाही.

वस्तीत मराठी, हिंदुस्तानी आणि इंग्रजी तिन्ही भाषा कानांवर पडत. लहान वयात आलेली मुले मायबोली विसरत गेली. शाळेत बायबल, गणित, लेखन. आणि कारखान्यात लोहारकाम, सुतारकाम, गवंडीकाम. मुलींना शिवणकाम आणि घरकाम. हातात कसब आले की मूल पुढे कुणाच्या दयेवर जगणार नाही, हा यामागचा हिशेब सरळ होता. आजच्या भाषेत सांगायचे तर शरणपूर ही नाशिकमधली एक औद्योगिक शाळाच होती, आणि तिचे विद्यार्थी समुद्रापलीकडचे होते.

त्यांचे शिक्षण इथल्या परिस्थितीला साजेसे होते. नाशिकच्या लोहाराला बाजारात लोखंडाची पट्टी मिळे, सुताराला लाकूड मिळे आणि दोघांना गिऱ्हाईकही मिळे. याच मुलांना परत आफ्रिकेत पाठवायची वेळ आली तेव्हा मात्र हे शिक्षण तिथे किती चालेल, हा तिढा उघड झाला.

लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर

१८६४ मध्ये शरणपुरात वाढलेले विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे तरुण मोंबासाजवळच्या रबई येथे योहानेस रेबमान या मिशनऱ्याच्या मदतीला गेले. पुढच्याच वर्षी, थळघाटातून नुकतीच रेल्वे सुरू झाली असताना, आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आले. नाईलच्या उगमाचा शोध आणि गुलामांच्या व्यापाराची माहिती, या दोन्हींसाठी ते पुन्हा आफ्रिकेत निघाले होते. त्यांना माणसे हवी होती. शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर गेले.

१८६६ च्या जानेवारीत मुंबईहून निघालेल्या त्या तांड्यात शिपाई होते, पुढे येऊन मिळालेली कोमोरोस बेटांवरची माणसे होती, उंट, खेचरे, गाढवे होती आणि भारतातल्या म्हशीही होत्या. त्सेत्से माशीपुढे म्हशी टिकतात का, हे लिव्हिंगस्टन यांना पाहायचे होते. त्यांच्या रोजनिशीत नाशिकच्या मुलांविषयी तक्रारी पुन्हा पुन्हा येतात: आळशी आहेत, रेंगाळतात, शिपायांच्या नादी लागतात. या तक्रारी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. या मुलांना कारागीर म्हणून घडवले होते आणि इथे त्यांच्याकडून हमालाचे काम अपेक्षित होते.

त्याच रोजनिशीत १८६६ च्या जुलैमधला एक प्रसंग आहे. याओ सरदार मटाका याच्या गावी शरणपूरच्या अब्राहमला त्याचे मामा भेटले. तो पकडला गेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही अरबांना विकल्या गेल्या, हे त्याला तिथे कळले. मामांनी राहण्याचा आग्रह केला. लिव्हिंगस्टन यांनीही राहा म्हटले आणि काही काळ पुरेल इतके सामान देण्याची तयारी दाखवली. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून करू काय, असे अब्राहमचे उत्तर होते आणि ते त्याने बदलले नाही. अब्राहम लोहारकाम शिकलेला होता. लिव्हिंगस्टन यांनी त्यावर नोंदवले की कच्चे लोखंड वितळवण्याची कला येत नसेल तर इथे या लोहाराच्या हाती कामाला काहीच नाही. या मुलांना साधी शेती शिकवली असती तर बरे झाले असते, असेही त्यांनी लिहिले.

परदेशी वाढलेल्या माणसाची कोंडी या एका प्रसंगात पूर्ण दिसते. नाशिक त्याचे गाव नव्हते. जन्मगावात त्याची माणसे उरली नव्हती. आणि शिकलेला हुन्नर त्या मातीत चालत नव्हता.

चितांबोच्या गावी

सगळे नऊ जण टिकले नाहीत. काही वाटेत मेले, काही सोडून गेले. १८७० मध्ये मन्येमा प्रदेशात बहुतेकांनी पुढे जायला नकार दिला तेव्हा लिव्हिंगस्टन यांचे जुने आफ्रिकी साथीदार सुसी आणि चुमा यांच्याबरोबर एडवर्ड गार्डनर हा शरणपूरचा तरुण ठामपणे राहिला. १८७२ मध्ये शरणपूरचे आणखी सहा जण आले: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड आणि बेंजामिन रटन.

१ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन यांचे निधन झाले. त्यांच्या माणसांनी त्यांचे शव किनाऱ्यापर्यंत न्यायचे ठरवले. शवातले अवयव काढून हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले. त्या कामात कॅरस फरारचा हात होता. जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. सामानाची यादीही त्यानेच केली, कारण त्या तांड्यात सफाईने लिहिणारा तोच होता. खोडाचा तो कोरीव भाग आज लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत आहे. शरणपूरच्या शाळेत गिरवलेली अक्षरे अशी मध्य आफ्रिकेतल्या एका झाडावर उमटली.

पुढचा प्रवास हजार मैलांहून अधिक होता. वाटेत उन्यान्येंबे येथे भेटलेल्या कॅमेरन या इंग्रज अधिकाऱ्याने शव तिथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोहोचले. १८६६ पासून अखेरपर्यंत लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर राहिलेले फक्त पाच जण होते. त्यांत गार्डनर आणि नॅथॅनिएल कुंबा हे दोघे शरणपूरचे. जेकब शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीत मानकऱ्यांत चालला. त्याच्या रोजनिशीचा जर्मन अनुवाद त्याच वर्षी छापून आला. १८९२ मध्ये उरांबो येथे तो वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला.

इंग्लंडने या सर्वांचे कौतुक ‘विश्वासू नोकर’ म्हणून केले आणि पदके दिली. पण शव न्यायचे की पुरायचे, वाट कोणती धरायची, वाटेतल्या राजांशी कसे बोलायचे हे निर्णय त्यांनी स्वतः घेतले होते. तांडा पोहोचला तो त्यांच्या शहाणपणावर.

परत गेलेल्यांचा संसार

१८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी तह होऊन तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. तो तह घडवण्यात मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचा मोठा वाटा होता. सुटका झालेल्यांना आता मुंबईला न आणता आफ्रिकेतच वसवायचे ठरले. ते काम शरणपूरच्याच प्राईस यांच्याकडे आले. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासाला पोहोचले आणि समोरच्या किनाऱ्यावर फ्रियर टाउन उभे राहिले. मुंबई-नाशिकहून सुमारे दीडशे आफ्रिकी तिथे गेले. शरणपूरचे आफ्रिकी वसतिगृह असे रिकामे झाले.

तिथे या लोकांची स्थिती अवघड होती. दिसायला ते तिथलेच होते, पण बोलणे, कपडे, खाणेपिणे, कामाची रीत नाशिकची. किनाऱ्यावरच्या लोकांना ते परके वाटत. गोऱ्या मिशनऱ्यांना त्यांचे शिक्षण, दुभाषेपण, कारागिरी हवी होती. पण बरोबरीची वागणूक आणि पुरेसे वेतन देताना ते हात आखडता घेत. पगाराच्या तक्रारी होऊ लागल्या. वस्तीचा कारभार पाहणाऱ्या स्ट्रीटर यांनी लोकांना फटके मारल्याचे उघड झाल्यावर १८८१ मध्ये चौकशी झाली आणि घडी बसवायला प्राईस यांना पुन्हा यावे लागले. परदेशातून शिकून परतलेल्या माणसाला आपलेच लोक वेगळे मानतात आणि मालक मात्र जुन्याच मापाने मोजतो, हा अनुभव त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी घेतला.

तरीही त्यांनी काम सोडले नाही. १८८५ मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा उरलेल्या तांड्याला रबईपर्यंत परत आणले ते जोन्स यांनी. जोन्स यांच्या रबईत पळून आलेल्या गुलामांना थारा मिळत असे. मालकांनी त्यांच्यावर दावा सांगितला, तेव्हा भरपाई दिली गेली आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून अधिक माणसे कायद्याने मोकळी झाली. नाशिकला आसरा मिळालेल्या मुलाने आफ्रिकेत इतरांना आसरा दिला. शरणपूरच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते.

नाशिकने काय करावे

केनियात ही आठवण जपली गेली आहे. रबईला संग्रहालय आहे आणि फ्रियर टाउनची घंटा मोंबासात उभी आहे. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या विषयावर प्रदर्शन भरवले. नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटियर शरणपूरची दखल घेते, पण रस्त्यावरून जाणाऱ्या नाशिककराला काही सांगणारे तिथे कुणी नाही. आपल्या शहराची ओळख आपण रामायण, पेशवाई, सावरकर आणि सत्याग्रह यांच्यावर सांगतो आणि ते योग्यच आहे. त्या ओळखीत कुंभमेळ्याच्या या गावी वाढलेल्या आफ्रिकी लोहार-सुतारांचीही जागा आहे.

तीन गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत. महापालिकेने शरणपूर रोडवर या लोकांच्या नावांचा मराठी फलक लावावा. गार्डनर, कुंबा, वेनराइट, वेलिंग्टन, फरार, जोन्स, सेम्लर ही नावे तिथे वाचता यावीत. शरणपूरच्या ख्रिस्ती समाजाकडील जुने दप्तर, बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी, त्यांच्या संमतीने छायाचित्रित करून जपाव्यात. आणि १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाने या विषयावरची पुस्तके आणि कागद एका कपाटात एकत्र करावेत, म्हणजे उद्याच्या विद्यार्थ्याला लंडन किंवा मोंबासा गाठावे लागणार नाही. या तिन्ही कामांना फार पैसा लागत नाही. ही माणसे आपली होती एवढे आपण मान्य करायला हवे.