बेमुर्वत

अमरावतीहून अकोल्याला एस.टी.ने चाललो होतो. बडनेरा सुटले आणि माझा फोन वाजला. मी आपला मोठमोठ्याने बोलत राहिलो, चांगला अर्धा तास. शेजारच्या बाईंच्या मांडीवर दवाखान्यातून आणलेले पोर होते. ते दोनदा दचकून उठले, तरी माझे लक्ष नाही. मूर्तिजापूरला उतरताना बाई एवढेच म्हणाल्या, "बाप्पा, मान्साची थोडी मुर्वत ठेवत जा."

त्या रागावल्या असत्या तर मी विसरलो असतो. हा शब्द मात्र घरापर्यंत सोबत आला.

'बेमुर्वत' आपल्या ओळखीचा आहे. दुसऱ्याचा विचार मनातही न आणता वागणारा, तो बेमुर्वत. असा माणूस दुष्ट असेलच असे नाही. रस्त्यात गाडी उभी करून पानठेल्यावर गप्पा मारणारा कोणाचे वाईट चिंतीत नसतो. मागे कोणी खोळंबले आहे, हे त्याच्या गावीही नसते.

पण यातला 'बे' काढला तर उरते काय? उरते ती मुर्वत. मूळ शब्द अरबी, 'मुरुव्वत'. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ माणूस, पुरुष. जुन्या अरबांत मुरुव्वत म्हणजे पुरुषाला शोभणारे गुण: शौर्य, औदार्य, दारी आलेल्याचे आतिथ्य. फारसीच्या वाटेने येताना शौर्य मागे पडले आणि दुसऱ्याविषयीची आस्था, भीड तेवढी राहिली. म्हणजे बेमुर्वत हा मुळात माणूसपण नसलेला! त्याला आपण पुढे 'खोर'ही जोडले. फारसीत 'खोर' म्हणजे खाणारा. बेमुर्वतखोर नेमके काय खातो, ते ज्याने त्याने ठरवावे.

शब्द साऱ्या मराठीचा आहे. पण वऱ्हाडात फारसीचा शेजार जुना. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही इमादशाहीची राजधानी. ती 1574 मध्ये बुडाली. पुढे मोगल आले, 1724 पासून निजाम, आणि 1853 मध्ये कारभार इंग्रजांकडे गेला. राज्ये गेली, कचेरीतले शब्द चुलीपाशी येऊन बसले.

आता मुर्वत एकटी फारशी भेटत नाही. 'भीडमुर्वत' या जोडीत असते, नाहीतर 'बे'च्या मागे. नुसती मुर्वत मी किती वर्षांनी ऐकली, आणि तीही माझ्यापाशी नाही म्हणून. फोन खिशात टाकून मी वळलो, तेव्हा बाई पोराला खांद्यावर घेऊन फाटकाबाहेर पडत होत्या.