दीर्घकालीन कंबरदुखी आणि रुग्णाचे स्वयंव्यवस्थापन

‘उसण भरली’ असे म्हणणारा रुग्ण तात्पुरत्या व्यथेविषयी बोलत असतो. तोच ‘मणक्यात गॅप आला आहे’ असे सांगू लागला, की त्या व्यथेने त्याच्या मनात कायमच्या अपंगत्वाचे रूप धारण केलेले असते. बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान प्रदेशात कंबरदुखीच्या स्वयंव्यवस्थापनाचा विचार या समजुतीपासूनच करावयास हवा.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी कंबरदुखी दीर्घकालीन होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत वेदनेचे निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. उलटपक्षी, २०१५ मधील एका संकलित अभ्यासानुसार मणक्यांमधील चकत्यांची झीज विशीतील ३७ टक्के व ऐंशीच्या घरातील ९६ टक्के वेदनारहित व्यक्तींच्या चित्रणांतही आढळते. सारांश, चित्रणातील ‘गॅप’ हेच वेदनेचे कारण, असे गृहीत धरणे युक्त नव्हे. वेदना म्हणजे प्रत्येक वेळी इजा नव्हे, हे उमगले तरच रुग्ण हालचालीस धजतो. अर्थात पायांतील बळ घटणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, तसेच ताप वा वजनातील घट (आपल्याकडे मणक्याचा क्षय विसरून चालत नाही) ही लक्षणे असल्यास वैद्यकीय तपासणीस विलंब करू नये.

संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने रुग्णशिक्षण व व्यायाम यांची शिफारस केली असून कंबरपट्ट्याचा नित्य वापर नाकारला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात, नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ व्यक्तींपैकी ज्यांना चालण्याचा क्रमबद्ध कार्यक्रम दिला, त्यांचे दुखणे मध्यमानाने २०८ दिवसांनी उलटले. इतरांचे ११२ दिवसांनी. चिखलीतील दुकानदारास हा उपाय सहज मानवेल. रोज शेतापर्यंत पायीच जाणाऱ्या मजूर स्त्रीस मात्र ‘चालत जा’ हा उपदेश विनोदी वाटण्याचा संभव आहे.

तिचा प्रश्न श्रमाच्या मापाचा आहे. घाटाखालील कापूस-वेचणीची मजुरी किलोवर ठरते. त्यामुळे कंबर बरी असेल त्या दिवशी ती अतोनात वेचते आणि पुढील दोन दिवस अंथरूण धरते. अशा वेळी वेदना असह्य होईपर्यंत न थांबता ठरलेल्या टप्प्यावर थांबण्याची सवय लावणे, हे स्वयंव्यवस्थापनाचे मर्म होय. शेतात घड्याळाऐवजी पिकाची ओळ प्रमाण मानता येते: एक ओळ संपली की कंबर सरळ करून मागे वाकणे, कमरेची ओटी अर्धी भरताच रिकामी करणे. टप्पा प्रथम सहज पेलेल इतका लहान ठेवून आठवड्या-आठवड्याने वाढवावा. अंथरुणातील दिवस कमी झाले, तर आठवड्याची वेचणी फारशी घटू नये, हा हिशेब तिच्यासमोर मांडावा लागतो.

सोयाबीनच्या सोंगणीत हेही अवघड होते. तेथे एकरी ठरावाने काम घेतलेली टोळी एका वेगाने पुढे सरकते. मागे राहणारीस बोलणी बसतात. तेव्हा ओळीअखेरच्या थांब्याची गोष्ट एकट्या रुग्णाशी बोलून भागत नाही. टोळीतील इतर बायांशी आणि काम ठरविणाऱ्याशीही ती बोलावी लागते.