मेदमापनाची सैनिकी फीत

स्थौल्याचा रुग्ण आला की आपण प्रथम त्यास वजनकाट्यावर उभे करतो. काट्यावरील वाढ मेदाची की मांसाची, हा प्रश्न बहुधा तेथे विचारला जात नाही. अमेरिकेच्या नौदलातील वैद्यकीय अधिकारी आल्बर्ट बेन्के यांनी तो १९४२ साली विचारला. अमेरिकी पद्धतीचा फुटबॉल खेळणाऱ्या २५ व्यावसायिक खेळाडूंना पाण्याखाली तोलून त्यांनी शरीराची घनता काढली. मेद पाण्याहून हलका, मांस व अस्थी जड, हे त्यामागील तत्त्व. उंची-वजनाच्या कोष्टकानुसार यांपैकी १७ जण सैन्यास अपात्र ठरत होते. घनता पाहता त्यांतील ११ जणांत मेद अल्पच निघाला.

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे लक्षण सांगताना वजनाचा आकडा घेतलेलाच नाही. मेद-मांसाची अतिवृद्धी, हलणारे स्फिक्, उदर व स्तन आणि उपचयाच्या मानाने न्यून उत्साह, हे तेथे पाहिले आहे. मांस सम प्रमाणात असलेल्या दृढ पुरुषाची त्याच अध्यायात प्रशंसा आहे. बेन्केंचे खेळाडू या दुसऱ्या वर्गातले.

परंतु लक्षावधी सैनिकांना पाण्यात कोण तोलणार? म्हणून १९८४ साली हॉजडन व बेकेट यांनी नौदलासाठी फितीचे सूत्र बसविले. पुरुषात नाभीच्या पातळीवरील उदराचा घेर आणि स्वरयंत्राखालील मानेचा घेर घ्यावयाचा. स्त्रियांत मान, कंबर व नितंब. उदरातून मान वजा करून उंचीशी मेळ घातला की मेदाची टक्केवारी मिळते. पुढे भूदलाने हेच सूत्र स्वीकारले. तेथे २१ ते २७ वयाच्या पुरुषास मर्यादा होती २२ टक्के.

आता गंमत पाहावी. उंची ७० इंच, उदर साडेसदतीस, मान साडेपंधरा, तर उत्तर येते २३ टक्के, सैनिक अपात्र. तेच उदर आणि मान साडेसोळा, तर २१ टक्के, सैनिक पात्र. पोटावरचा मेद तसूभरही हललेला नाही. मान जाड करण्याचा व्यायाम सैनिकांत प्रचलित झाला, यात नवल ते काय! शिवाय सूत्राची स्वाभाविक चूकच तीन-चार टक्क्यांची आहे.

२०२३ साली भूदलाने मान सोडून केवळ उदराचा घेर व वजन यांवर नवे सूत्र आणले. त्यात समान घेरास वजन अधिक असेल, तर मेद कमी धरला जातो. बेन्केंचा धडा सूत्रात उतरला. त्याच वर्षी वायुदलाने कंबरेस उंचीने भागण्याची रीत घेतली आणि ०.५५ पासून पुढे अधिक धोका मानला. ७० इंच उंचीस ही सीमा साडेअडतीस इंच येते. विमानस्थानातील अंगुलिप्रमाण ज्याच्या त्याच्या बोटाने मोजावयाचे असते. शरीरास त्याच शरीराचे माप लावावे, ही दृष्टी दोहोंकडे एकच आहे.

हे येथे मांडण्याचे कारण आपल्याच दाराशी आहे. सैन्यभरतीस आठ दिवस उरले असता तरुण येतात आणि वजन उतरवून मागतात. तीव्र विरेचन दिले, पाणी तोडले, तर काटा उतरतो. पण उतरतो तो जलांश, मेद नव्हे. असा क्षीण मुलगा १.६ किलोमीटरच्या धावेस उभा राहिला तर त्याचे काय होईल, हे वैद्यास सांगणे नको. औषधालय चालकांनी एक प्रकरण ध्यानी ठेवावे. आपल्या सोमकल्पाच्याच इफेड्रा प्रजातीतील चिनी वनस्पतीच्या गोळ्या अमेरिकेत मेदनाशक म्हणून विपुल खपल्या. हृदय व मस्तिष्कावरील घातक परिणामांमुळे तेथील शासनाने २००४ साली अशा पूरक गोळ्यांवर बंदी घातली.

म्हणून अशा तरुणाचे वजन नोंदवाच, पण फीतही हाती घ्या. तो सहज उभा असावा, श्वास साधारण सोडलेला असावा, फीत आडवी, त्वचेस टेकलेली पण न रुतणारी. तीनदा मोजून सरासरी लिहावी. घेर बेताचा आणि बल उत्तम असेल, तर मेदोहर औषधाची चिठ्ठी लिहू नये. घेर खरोखरच अधिक असेल, तर त्यास पुढील भरतीची तारीख विचारावी आणि तेवढे महिने हाताशी धरून आहार, व्यायाम व लेखनद्रव्यांची योजना करावी.