आत्याच्या कपाटातली जुनी व्हिस्की: बाटलीचं वय आणि खरी किंमत कशी ओळखायची?

हेडफोन हाताशी नसतील तर हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. विषय दारूचा आहे, पण पिण्याचा नाही. आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

तर झालं असं. चिपळूणहून आत्याचा फोन आला. "अरे, ह्यांनी बोटीवरून आणलेली ती काळी बाटली आहे ना, तिचे तीन लाख येतात म्हणे!" काका मर्चंट नेव्हीत होते. ते जाऊन सहा वर्षं झाली. बाटली तेव्हापासून कपाटात तशीच आहे, सीलबंद. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, त्यामुळे तीन लाख ऐकून तिने मनात हिशेबही मांडला होता. इन्स्टाग्रामवर कुणीतरी तिला गाठलं होतं. त्याला फक्त "सर्टिफिकेट फी" म्हणून आधी १८ हजार हवे होते.

मी म्हटलं, "आत्या, एक रुपया पाठवू नकोस. आधी मला फोटो पाठव."

पहिला गैरसमज: बाटलीत व्हिस्की मुरते

नाही मुरत. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. काचेत भरली की तिचं वय तिथेच थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की चाळीस वर्षं कपाटात ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. आणि ब्लेंडेड व्हिस्की म्हणजे अनेक माल्ट आणि ग्रेन व्हिस्कींचं मिश्रण. लेबलवर १२ लिहिलं असेल, तर त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्की १२ वर्षांची आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे "जुनी बाटली" आणि "जुनी व्हिस्की" या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

मग बाटली कधीची, हे कसं कळतं?

लेबलवर भरल्याचं साल बहुतेक वेळा नसतं. पण खुणा असतात. आत्याची बाटली जॉनी वॉकर ब्लॅक लेबल होती, म्हणून उदाहरणं तीच घेतो.

एक, माप. जुन्या ब्रिटिश बाटल्यांवर फ्लुइड आउन्स आणि प्रूफ असतं. ब्रिटनचं ७० प्रूफ म्हणजे आपले ४० टक्के. अमेरिकेचा हिशेब वेगळा, तिथे ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. १९८० च्या आसपास ब्रिटनमध्ये टक्के आणि सेंटीलिटर रुळले. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात ७५ सेंटीलिटरची बाटली ७० ची झाली. पण सावध! भारत आणि अमेरिकेत आजही ७५० मिली चालते. त्यामुळे बाटली कोणत्या बाजारासाठी भरली होती, हे आधी बघा.

दोन, राजा की राणी. ब्रिटिश राजघराण्याचा शिक्का असेल तर खालची ओळ वाचा. सहावे जॉर्ज १९५२ मध्ये गेले. राणी एलिझाबेथचं नाव असेल तर बाटली त्यानंतरची.

तीन, चालणारा माणूस. जॉनी वॉकरचा तो टोपीवाला १९०८ पासून आहे. जुन्या लेबलवर तो आपल्या डावीकडे चालतो. २००० च्या आसपास त्याचं तोंड उजवीकडे झालं.

चार, काय नाहीये ते बघा. बारकोड पहिल्यांदा दुकानात वापरला गेला १९७४ मध्ये. अमेरिकेसाठीच्या बाटलीवर सरकारी आरोग्य इशारा १९८९ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा झाला. काचेवर "फेडरल लॉ फॉरबिड्स" असं उठावदार इंग्रजी वाक्य असेल, तर ती १९३५ ते १९६४ मधली अमेरिकन बाटली. डियाजिओ हे नाव दिसलं तर १९९७ नंतरची, कारण कंपनीच तेव्हा जन्मली. आणि एफएसएसएआयचा शिक्का असलेली बाटली "आजोबांच्या लग्नातली" म्हणून कुणी विकत असेल, तर हसून पुढे जा. ती संस्थाच २००८ ची आहे.

एका खुणेवर विसंबू नका. तीन-चार खुणा एकत्र ठेवा आणि मधला समान काळ काढा.

आत्याच्या बाटलीवर ७५ सेंटीलिटर, ४३ टक्के, राणीचा शिक्का, डावीकडे जाणारा माणूस, बारकोड नाही. म्हणजे ढोबळ मानाने सत्तरच्या दशकाची अखेर ते ऐंशीचं दशक. मग आत्याला काकांची सीडीसी शोधायला सांगितली. बोटीवरच्या माणसाची ही नोकरीची वही. कधी चढला, कधी उतरला, सगळे शिक्के त्यात. आत्याला आठवत होतं की बाटली आली त्याच वेळी धाकटीचं बारसं झालं. वहीत त्या सुट्टीचा शिक्का सापडला: १९८४. लेबल आणि वही, दोन्ही जुळले.

आता किंमत

इथे आत्याचा चेहरा उतरला. ब्लॅक लेबल तेव्हाही प्रचंड संख्येने बनत होती आणि जगभरच्या कपाटांत अजून पडून आहे. किंमत वयापेक्षा दुर्मिळतेवर ठरते. ब्रिटनमधल्या लिलावांत ऐंशीच्या दशकातल्या अशा साध्या ब्लेंड्सना साधारण काही दहा पौंड मिळतात, लाखो रुपये नाहीत. त्यातूनही कमिशन आणि पाठवणीचा खर्च जातो. किंमत बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा बघू नका, प्रत्यक्षात विकली गेली तो बघा.

शिवाय बाटलीची अवस्था मोजली जाते. व्हिस्कीची पातळी मानेपर्यंत आहे की खांद्याखाली उतरली? सील शाबूत आहे का? लेबल फाटलंय का? खोका आहे का? बुचाची बाटली असेल तर ती उभीच ठेवावी, वाइनसारखी आडवी नाही. कडक दारू बूच खाते.

कधीकधी गोष्टीला पैसे मिळतात. १९४१ मध्ये 'पॉलिटिशियन' नावाचं जहाज स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ अडकलं, पोटात अडीच लाखांहून जास्त व्हिस्कीच्या बाटल्या. त्यातल्या नंतर सापडलेल्या आठ बाटल्या १९८७ मध्ये लिलावात ४ हजार पौंडांना गेल्या. पण गोष्टीला पुरावा लागतो.

पुरावा नसेल तर काय होतं? २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरित्झमधल्या हॉटेलात एका पाहुण्याने १८७८ ची सिंगल माल्ट म्हणून एक पेग घेतला, सुमारे १० हजार फ्रँकना. तपासणीत निघाली १९७० च्या सुमाराची ब्लेंडेड! हॉटेलने पैसे परत केले. ही तपासणी कार्बनवर चालते. १९५०-६० च्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, तो बार्लीत आला, तिथून व्हिस्कीत. त्यामुळे नवा माल जुना म्हणून खपवला की पकडला जातो. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या प्रयोगशाळेत अशा ५५ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या किंवा सांगितलेल्या सालाच्या नव्हत्या.

आणि कायदा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. एक सीलबंद बाटली इन्स्टावर विकली तरी गुन्हाच. बाळगायलाही परवाना लागतो. म्हणजे त्या "खरेदीदारा"ला बाटली नकोच होती, त्याला हवे होते ते १८ हजार.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ह्यांनी मला फसवलं नाही, मीच फसणार होते."

ऑपरेशनसाठी आम्ही भावंडांनी मिळून पैसे जमवायचं ठरवलंय. परवाना असलेल्या आत्येभावाकडे बाटली गेली, आणि सीडीसी आत्याने स्वतःकडे ठेवली.

तुमच्या घरी अशी बाटली असेल, तर लेबल, पातळी आणि तळाचे फोटो काढा, खुणा जुळवा, घरातल्या मोठ्यांना सालं विचारा. आणि विकण्याआधी जो पैसे मागतो, त्याला सरळ ब्लॉक करा. भेटू पुढच्या भागात!