गर्भावस्थेतील स्थूलता
गर्भावस्थेतील स्थूलता : गर्भधारणेपूर्वीच शरीरात मेदाचा अतिरिक्त संचय असल्यास गर्भावस्थेत माता व गर्भ या दोघांनाही काही विशेष धोके संभवतात. स्थूलता ठरविण्यासाठी किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. येणाऱ्या संख्येस देहभार निर्देशांक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार ३० वा अधिक निर्देशांक स्थूलतादर्शक होय. भारतीयांत तुलनेने कमी वजनातही उदरातील मेद अधिक आढळत असल्याने भारतीय तज्ञांनी २००९ मध्ये ही मर्यादा २५ सुचविली. त्यानुसार १५० सेंमी. उंचीची, ५७ किग्रॅ. वजनाची स्त्री स्थूल ठरते.

वारेतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांमुळे गर्भवतीच्या शरीरात इन्शुलिनाचा प्रभाव कमी होतो. स्थूल स्त्रीत तो आधीच मंदावलेला असल्याने गर्भावस्थाजन्य मधुमेह सहज उद्भवतो. मातेच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भाकडे जाते. इन्शुलिन मात्र जात नाही. परिणामी गर्भाचे अग्निपिंड स्वतःच जादा इन्शुलिन निर्माण करते व गर्भ वाजवीपेक्षा मोठा होतो. प्रसूतीच्या वेळी त्याचे खांदे अडकू शकतात. जन्मानंतर मातेकडून येणारे ग्लुकोज थांबते, परंतु इन्शुलिन काही काळ अधिकच राहते; त्यामुळे अर्भकाची रक्तशर्करा धोकादायक प्रमाणात घटू शकते.

यांशिवाय गर्भपात, अतिरक्तदाब व त्यातून येणारे झटके, शिरांत रक्ताची गुठळी होणे, मृतजन्म, सिझेरियन शस्त्रक्रिया व तिच्या जखमेत पू होणे यांचे प्रमाणही वाढते. उदरभित्तीतील मेदस्तरामुळे श्राव्यातीत ध्वनितपासणीत गर्भाचे व्यंग स्पष्ट दिसत नाही. स्थूल स्त्रीस रक्तक्षयही असू शकतो. केवळ अंगलटीवरून तिचे पोषण चांगले आहे असे समजू नये.

भारतात पहिल्याच तपासणीत व ती निर्दोष ठरल्यास पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तशर्करा मोजतात. ती १०० मिलि. रक्तद्रवात १४० मिग्रॅ. वा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते. आहारनियंत्रण, चालण्यासारखा व्यायाम व जरूर तर औषधे यांनी तो बहुधा आटोक्यात राहतो.

गर्भवती ‘दोन जिवांची’ म्हणून तिने दुप्पट खावे, ही समजूत चुकीची आहे. चौथ्या महिन्यापासून दररोज सु. ३५० किलोकॅलरी एवढाच जादा आहार साधारणपणे पुरतो. मात्र गर्भावस्थेत उपास करून वजन उतरविणे गर्भास अपायकारक ठरू शकते. वजन घटविण्याचा योग्य काळ गर्भधारणेपूर्वीचा होय. थोडे वजन घटल्यानेही धोका कमी होतो.