उलट्या त्रिकोणाची देखभाल

मराठीत गाडी ओढणाऱ्या अख्ख्या वाहनालाही ‘इंजिन’ म्हणतात आणि त्याच्या पोटात इंधन जाळून शक्ती निर्माण करणाऱ्या यंत्रालाही ‘इंजिन’च म्हणतात. ही सोय एरवी खपून जाते. परंतु ब्रिटनमधील ‘डेल्टिक’ जातीच्या डिझेल गाड्यांविषयी लिहिताना ती अडचणीची ठरते, कारण त्यांचा सगळा इतिहासच या दोन वस्तू एकमेकींपासून सुट्या करता येतात, या कल्पनेवर उभा आहे. म्हणून पुढील विवेचनात वाहनाला ‘लोको’ आणि आतील यंत्राला ‘इंजिन’ म्हटले आहे.

डर्बीशायर परगण्यात चेस्टरफील्डजवळ बॅरो हिल येथे मिडलंड रेल्वेने १८७० साली बांधलेली गोल लोकोशेड आहे. मधोमध लोको फिरवण्याचे टर्नटेबल, त्याभोवती चक्राच्या आऱ्यांप्रमाणे फुटणारे चोवीस रूळमार्ग आणि या सर्वांवर एकच छप्पर, अशी तिची रचना आहे. १९९१ साली ती बंद पडल्यावर स्थानिक रेल्वेप्रेमींनी प्रयत्नपूर्वक वाचवली आणि १९९८ साली संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली केली. याच आवारात १९७७ साली स्थापन झालेल्या ‘डेल्टिक प्रिझर्वेशन सोसायटी’ची स्वतःची शेड असून तेथे सदस्यांच्या वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर तीन डेल्टिक लोको सांभाळले जातात: डी ९००९ ‘अ‍ॅलिसिडॉन’, डी ९०१५ ‘टुल्यार’ आणि डी ९०१९ ‘रॉयल हायलंड फ्युझिलियर’. पहिली दोन नावे शर्यतीच्या घोड्यांची आहेत आणि तिसरे पायदळाच्या पलटणीचे. लंडनच्या फिन्सबरी पार्क शेडकडील लोकोंना घोड्यांची, तर उत्तरेकडील शेडच्या लोकोंना पलटणींची नावे देण्याचा तेव्हा प्रघात होता.

‘डेल्टिक’ हे नाव ‘डेल्टा’ या ग्रीक अक्षरावरून, म्हणजे त्रिकोणावरून पडले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलाला वेगवान गस्ती नौकांसाठी हलके पण जबर ताकदीचे डिझेल इंजिन हवे होते आणि नेपियर कंपनीने ते घडवले. नेहमीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, असतो. येथे प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन दट्टे असून ते एकमेकांकडे धावतात, मधली हवा दाबतात आणि इंधन पेटल्यावर उलट दिशांनी फेकले जातात. अशा सिलिंडरांच्या तीन रांगा टोक खाली असलेल्या त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणे मांडलेल्या असून तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांची सरळ धाव चक्राकार गतीत बदलणारा दांडा, बसवलेला आहे. झडपा नाहीत, सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या दट्टेच उघडतात व मिटतात. धूर बाहेर काढणारा दट्ट्या हवा आत घेणाऱ्या दट्ट्याच्या किंचित पुढे राहावा लागतो, आणि तिन्ही क्रँकशाफ्ट एकाच दिशेने फिरवल्यास हे गणित तिन्ही रांगांत एकदम जुळत नाही. त्रिकोणाच्या खालच्या कोपऱ्यातील क्रँकशाफ्ट उलट दिशेने फिरवायचा, हा त्यावरचा तोडगा इतका साधा आहे की तो आधी कोणाला सुचू नये याचेच नवल वाटते. अठरा सिलिंडर, छत्तीस दट्टे, मिनिटाला १,५०० फेरे आणि १,६५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन वजनाला सुमारे सहा टन भरते.

अशी दोन इंजिने एका लोकोत बसवण्याचा प्रयोग इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ साली केला आणि त्यातून १९६१-६२ मध्ये बावीस लोकोंचा ताफा लंडन ते एडिंबरा या पूर्व किनारी मार्गासाठी तयार झाला. इंजिने जनित्र फिरवतात, जनित्राची वीज आसांवरील सहा मोटरींना मिळते आणि मोटरी चाके फिरवतात. ३,३०० अश्वशक्तीचा हा लोको अवघ्या शंभर टनांच्या आसपास होता. त्याच काळात भारतात आलेला डब्ल्यूडीएम-२ हा सर्वपरिचित डिझेल लोको २,६०० अश्वशक्तीचा आणि वजनाने अधिक जड होता, हे लक्षात घेतले म्हणजे डेल्टिकचे अप्रूप कळते. बावीस डेल्टिकांनी पंचावन्न वाफेच्या लोकोंची जागा घेतली आणि ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, हा वेग तेथे नित्याचा झाला. महाराष्ट्रातील वाचकाला यात एक ओळखीचा धागा सापडेल: हे लोको ज्या व्हल्कन फाउंड्री कारखान्यात बांधले गेले, त्याच कारखान्यातून १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीचे वाफेचे लोको आले होते.

नौदलासाठी घडवलेल्या या इंजिनाच्या देखभालीची कल्पनाही नौदली वळणाची होती. बिघडलेले इंजिन लोकोत ठेवून दुरुस्त करत बसायचे नाही, ते यारीने उचलून बाहेर काढायचे, त्याच्या जागी तयार इंजिन उतरवायचे आणि बिघडलेले कारखान्यात पाठवायचे. या पद्धतीमुळे लोको फार काळ अडून पडत नसे, पण तिच्यामागे जादा इंजिनांचा साठा, सुसज्ज कारखाना आणि अनुभवी कारागीर गृहीत धरलेले होते. २ जानेवारी १९८२ रोजी डेल्टिकची अखेरची प्रवासी फेरी झाली आणि ही सगळी व्यवस्था एका दिवसात अर्थशून्य झाली. त्याच वर्षी सोसायटीने दोन लोको विकत घेतले आणि काही वर्षांनी टुल्यारही तिच्याकडे आला. लोको विकत घेणे हा त्यातला सोपा भाग होता. त्यांच्यामागचा कारखाना विकत मिळणार नव्हता. तो स्वयंसेवकांना स्वतःच उभा करावा लागला, आणि या संस्थेचे खरे कर्तृत्व तेच आहे. रंगरंगोटी करून लोको उभा करणे अनेकांना जमते.

इंजिनाची मोठी दुरुस्ती पाहिल्यास याचा अर्थ कळतो. सिलिंडरचे अस्तर, ज्याला लायनर म्हणतात, त्याला बाहेरून थंड पाण्याचा वेढा असतो. लायनरला तडा गेला किंवा त्याची रबरी कडी थकली, तर ते पाणी आत झिरपते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे अशा अवस्थेत चालू केलेले इंजिन स्वतःचेच दट्टे मोडून घेते. दोष एका लायनरमध्ये असला तरी तेथवर पोहोचण्यासाठी तीन क्रँकशाफ्टांचा मेळ सोडवावा लागतो आणि जोडताना त्यांना एकत्र बांधणारी दंतचक्रे अचूक त्याच स्थितीत पुन्हा बसवावी लागतात. एका दात्याची चूकही चालत नाही. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. म्हणून रेल्वेने विकलेला साठा जमवणे, जुन्या इंजिनांतील धडके भाग निवडणे आणि उरलेले नव्याने घडवून घेणे, असे काम चालते, आणि एकेका लोकोच्या मोठ्या दुरुस्तीत वर्षे जातात.

या इंजिनाची एक खोड मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. ते मंद गतीने चालत असताना वंगणाचे तेल थोडेथोडे धुराच्या मार्गात उतरून साचत राहते आणि चालकाने शक्ती वाढवताच ते जळून निळसर पांढऱ्या धुराचा लोट छताकडे उसळतो. कधी कधी ज्वाळाही दिसतात. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात हे दृश्य वीस वर्षे रोजचे होते. सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीने हा दोषच म्हणावा लागेल, तरीही डेल्टिकचे चाहते त्याचीच वाट पाहत फलाटावर उभे असतात.

बावीसपैकी सहा डेल्टिक आज शिल्लक आहेत. त्यांतला एक राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचा आहे, तीन सोसायटीचे आणि दोन इतरांचे. उरलेले सोळा डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात तोडले गेले. सेवेच्या पुढच्या काळात डेल्टिक इंजिनांची दुरुस्तीही याच कारखान्यात होत असे. इंग्लंडला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने चेस्टरफील्डला उतरून बॅरो हिल पाहावे, पण ते रोज उघडे नसते, तेव्हा उघडण्याचे दिवस आधी विचारून घ्यावेत. आणि एखादा डेल्टिक सुरू होताना दिसलाच, तर वारा कोणत्या दिशेचा आहे हे पाहून मगच उभे राहावे.